चक्कर, गळालेले हातपाय आणि खानदेशचा दवाखाना

वैशाख लागला की जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत बाकावरचं कुणी ना कुणी एकच तक्रार घेऊन आलेलं असतं: 'चक्कर येस, हातपाय गयी ग्यात.' पुढचं सगळं ठरलेलं. बीपी बघायचं, 'थोडं कमी आहे' म्हणायचं आणि सलाईन लावायचं. पुष्कळदा पेशंटच आधी सांगतो, सलाईन लावा म्हणून. बाटली पिवळी दिसली तर समाधान जास्त. अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजचं सलाईन असेल तर २५ ग्रॅम साखर. पिवळा रंग त्यात सोडलेल्या जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनचा. तासभर पंख्याखाली आडवं पडल्यावर बरं वाटतंच, कारण बहुतेक चकरा आपणहून ओसरतात. श्रेय मात्र बाटलीला मिळतं आणि चक्कर का आली हा प्रश्न तिथेच मिटतो.

या तक्रारीमागे डझनावारी कारणं असू शकतात. कानातल्या कणांपासून मेंदूतल्या गुठळीपर्यंत, उपासापासून कपाशीवरच्या फवारणीपर्यंत. त्यातली बहुतेक शोधायला महागडं यंत्र लागत नाही, नीट विचारपूस लागते. आणि नेमकी तीच सगळ्यात दुर्मिळ झाली आहे.

विचारायचं काय, यावर डॉक्टरांचंही मत बदललेलं आहे. १९७२ साली ड्रॅकमन आणि हार्ट या अमेरिकी डॉक्टरांनी चकरेचे चार प्रकार सांगितले: घर फिरतंय असं वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोल जाणं आणि नुसतंच डोकं हलकं वाटणं. पेशंटने प्रकार सांगायचा आणि डॉक्टरने त्यावरून कान, हृदय, मेंदू किंवा मन ठरवायचं. पिढ्यान् पिढ्या हेच शिकवलं गेलं. पुढे डेव्हिड न्यूमन-टोकर यांनी तपासून पाहिलं, तर त्याच पेशंटला काही मिनिटांनी तोच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला की अनेकांचं उत्तर बदलत होतं. ठाम राहत होत्या त्या दुसऱ्या गोष्टी: चक्कर कधी सुरू झाली, किती वेळ टिकते, कशाने येते, सोबत आणखी काय होतं. म्हणून आता विचारायचं ते हे. कूस बदलल्यावर येते का, उठल्यावर येते का, उपाशीपोटी येते का, फवारणीनंतर येते का, की काही न करता आली आणि थांबतच नाही.

'हातपाय गळाले' याचीही अशीच फोड करावी लागते. दमल्यामुळे काही करावंसं न वाटणं वेगळं आणि स्नायूंनी खरोखर काम न करणं वेगळं. उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, सदऱ्याचं बटण लागत नाही, भरलेला पंप कालपर्यंत पाठीवर चढत होता तो आज उचलत नाही, ही खरी दुर्बलता. तिथे ताकदीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवणं धोक्याचं. चक्कर आणि खरी दुर्बलता एकदम आली तर कारणांची यादी लहान होते, पण त्या यादीतली नावं गंभीर असतात.

खानदेशात पहिला संशय उन्हावर जातो आणि तो रास्तच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जाणं ही काही बातमी राहिलेली नाही. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. रक्तवाहिन्या सैल पडतात, उभं राहिल्यावर रक्त पायात साचतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटऱ्यांत गोळे येतात. माणूस शुद्धीत आहे, पिऊ शकतो आहे, तर सावली आणि मीठ-साखरेचं पाणी पुरतं: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीकडे चहाचाच चमचा. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत अशाच पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रोगी वाचवले. सलाईन संपत आलं होतं म्हणून त्यांनी तोंडाने पाजलं. पिता येत असेल तर शिरेतून देण्यात फार काही जास्त नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. आपल्याकडे मात्र सुई टोचल्याशिवाय इलाज झाल्यासारखं वाटत नाही.

उष्माघात ही निराळी गोष्ट. अंग भट्टीसारखं तापलेलं, शरीराचं आतलं तापमान ४० च्या पलीकडे, आणि माणूस बडबडतो, ओळखत नाही किंवा बेशुद्ध पडतो. इथे पाजत बसायचं नाही. कपडे काढून अंगावर पाणी ओतायचं, पंखा लावायचा, १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहायचं.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे कुणी बघत नाही. बीपीच्या अनेक गोळ्यांत लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकणारं औषध जोडलेलं असतं. टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. डिसेंबरात बसवलेला डोस मे महिन्यात जड होतो. रक्तातलं सोडियम उतरतं. म्हातारी माणसं भेलकांडतात, गोंधळतात, पडतात, खुबा मोडतो. बरेच जण त्याच काळात बीपीसाठी मीठही सोडून बसलेले असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर गोळ्यांचा डोस तपासून घ्यावा, हे साधं आहे, पण चिठ्ठी वर्षानुवर्षं तीच चालते. उभं राहिल्यावरची चक्कर ओळखायलाही साधीच रीत आहे: आडवं असताना बीपी घ्यायचं, उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्यायचं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण सापडलं. बसल्या बसल्या एकदाच घेतलेल्या बीपीत ते दिसत नाही. पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिलेली टॅमसुलोसिनसुद्धा हेच करते, विशेषतः रात्री लघवीला उठताना.

मिठाइतकंच महत्त्वाचं, पण कमी चर्चेतलं खनिज म्हणजे पोटॅशियम. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. रक्तात ते ३.५ ते ५ च्या दरम्यान लागतं. जुलाब-उलट्यांनी, लघवीच्या गोळ्यांनी किंवा मूत्रपिंडाच्या काही विकारांनी ते अडीचच्या खाली गेलं की मांड्या-खांदे लुळे पडतात. एक प्रकार तर असा की तरुण धडधाकट माणूस रात्री लग्नात भरपेट जेवून झोपतो आणि पहाटे त्याला उठताच येत नाही. जेवणातल्या साखर-पिठाने इन्शुलिन उसळतं, ते पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलतं आणि स्नायू संप करतात. काहींत हे आनुवंशिक असतं, काहींत त्यामागे वाढलेलं थायरॉइड असतं. घरचे लकवा समजून धावतात, आणि पहिल्याच दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लागतं. त्या साखरेने इन्शुलिन आणखी उसळतं, पोटॅशियम आणखी घसरतं. रक्ताची एक तपासणी आणि एक ईसीजी यांनी उलगडणारं हे कोडं आहे, आणि योग्य औषधाने तोच माणूस काही तासांत चालू लागतो.

केळं खाऊन हे भागेल का? एका मध्यम केळ्यात पोटॅशियम साधारण ४०० मिलिग्रॅम. रोजच्या आहारासाठी उत्तम, पण झटक्याच्या वेळी लागतं त्याच्या कित्येक पट, तेही मोजून आणि हृदयावर लक्ष ठेवून. उलट ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांच्यात पोटॅशियम साचतं. गंमत अशी की साचलेल्या पोटॅशियमनेही हातपाय लुळेच पडतात, आणि पुढची पायरी हृदय थांबण्याची असते. डायलिसिसवरच्या माणसाला केळ्याच्या बागेत राहून केळं वर्ज्य का, याचं उत्तर हे.

कपाशीच्या पट्ट्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांतली चक्कर वेगळ्याच नजरेने बघायला हवी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. तेव्हा काही महिने राज्याला हे दिसलं. पण पीक तेच, औषधं तीच, पाठीवरचा पंप तोच, मग चोपडा-अमळनेर-शिंदखेड्याचा मजूर वेगळा कसा? माणसाइतकी उंच कपाशी, दमट हवा, उलटं वारं, दोन-तीन औषधांचं मिश्रण, घामाने चिकटलेला सदरा. विष तोंडावाटेच जातं असं नाही, कातडीतून आणि श्वासातूनही जातं. संध्याकाळी घरी आल्यावर डोकं गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात, आणि घरात निदान होतं: ऊन लागलं.

ऊन लागलेल्याच्या तोंडाला कोरड पडते. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या सेंद्रिय फॉस्फरसच्या विषात उलट होतं. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, छाती भरून येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंगातले स्नायू कातडीखाली फडफडतात. नसेकडून स्नायूला निरोप देणारं ॲसिटिलकोलीन शरीरात वेळच्या वेळी मोडलं जातं. हे विष ते मोडणाऱ्या एन्झाइमलाच बांधून टाकतं, म्हणून निरोप थांबतच नाही आणि शेवटी स्नायू थकून लुळा पडतो. ॲट्रोपीन दिलं की लाळ-घाम आटतो, पेशंट बोलू लागतो, नातेवाईक सुटी मागतात. धोका इथेच असतो. एक ते चार दिवसांच्या दरम्यान काही पेशंटची मान उशीवरून उचलेनाशी होते, खांदे-मांड्या ढिल्या पडतात आणि पाठोपाठ श्वासाचे स्नायू. श्रीलंकेच्या सेनानायके आणि करालिएद्दे यांनी १९८७ साली याचं वर्णन केलं. तिथलेही रोगी मुख्यतः शेतीच्याच विषांचे होते. 'मान उचलून दाखव' एवढं दिवसातून चार वेळा विचारलं तर ही घसरण वेळेत पकडता येते, आणि व्हेंटिलेटर मिळाला तर माणूस वाचतो. काही विषांत दोन-तीन आठवड्यांनी पावलं लुळी पडतात. तोवर फवारणीची आठवणही कुणी काढत नाही.

म्हणून दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल पिशवीत घालून न्यावं. लेबलावरचा त्रिकोण लाल असेल तर विष अतिजहाल. मग पिवळा, निळा आणि हिरवा अशी उतरती भाजणी. सगळ्या कीटकनाशकांना ॲट्रोपीन हा उतारा नाही. हल्लीची निकोटीनच्या कुळातली औषधं किंवा पायरेथ्रॉइड यांचे इलाज वेगळे. आधी कपडे उतरवून साबण-पाण्याने आंघोळ, मग गाडी. हातमोजे-मास्क वापरा असं सांगणारे पत्रक छापून मोकळे होतात. दमट उकाड्यात रबरी पोशाख घालून दिवसभर पंप मारून दाखवायला त्यांच्यातला कुणी येत नाही. सकाळी लवकर, वारं येतं तिकडे पाठ करून, एका दिवसात मोजकेच पंप, ही सूचना त्यापेक्षा पाळता येण्याजोगी आहे.

वर्षभर पुरून उरणारं कारण मात्र रक्तातलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. चढावर दम, उठताना अंधारी, संध्याकाळी पाय ओढत चालणं, हे इतकं सार्वत्रिक आहे की ते आजार वाटतच नाही. 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून ते सोडून दिलं जातं. पाळीत फार जाणारं रक्त, लागोपाठची बाळंतपणं, शेतात अनवाणी वावरताना शिरणारे आकडेकृमी, सगळ्यांच्या शेवटी बसून खाल्लेलं उरलंसुरलं जेवण. आणि एक कारण पुरुषांतही वाढतं आहे: गुडघे-कंबरेसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या पेनकिलर. त्यांनी जठराला जखम होते, थेंब थेंब रक्त शौचावाटे जात राहतं. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरलं तर लोहाची गोळी देऊन थांबू नये, रक्त कुठून जातंय ते शोधावं. कधी कधी ते आतड्याच्या कर्करोगातून जात असतं.

बी-ट्वेल्व्हची गोष्ट याहून गुंतागुंतीची. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतच मिळतं. खानदेशात वारकरी, जैन, स्वाध्यायी, माळकरी घरं पुष्कळ, आणि चहापुरतं दूध म्हणजे दूध पिणं नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिघांपैकी दोघांत बी-ट्वेल्व्ह कमी होतं. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या, दोन्ही ते शोषू देत नाहीत.

ही कमतरता नुसतं रक्त कमी करत नाही, मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या तारा खराब करते. पाय कुठे आहेत ही बातमी मेंदूला त्याच तारा पोचवतात. ती बातमी थांबली की डोळे ते काम सांभाळून घेतात. म्हणून दिवसा माणूस ठीक चालतो आणि लाइट गेल्यावर भेलकांडतो. मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की कोसळतो. तो याला चक्कर म्हणतो, पण डोकं ठीकच असतं, बिघाड पायांच्या बातमीत असतो. तळव्यांना मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं, मग पायांत जडपणा. वेळेत इंजेक्शनं मिळाली तर बरंच भरून येतं, उशीर झाला तर नाही. यात एक सापळा आहे: नुसतं फॉलिक ॲसिड मोठ्या डोसात दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि मज्जारज्जूचं नुकसान आत चालूच राहतं. आणि दुसरीकडे, कारण नसताना, तपासणी न करता, आठवड्याला बी-ट्वेल्व्हचं एक लाल इंजेक्शन घेणाऱ्यांचीही आपल्याकडे कमी नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-रावेर आणि शिरपूरच्या पाड्यांत, तसंच साक्रीच्या पश्चिम भागात रक्तक्षयाचा अर्थ बदलतो. पावरा, भिल, कोकणा, मावची समाजांत सिकलसेल आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर मोडतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लोह कमी नसताना लोहाच्या गोळ्या देऊन इथे काही साधत नाही. सांधे-हाडं ठणकतात, पाणी कमी प्यायल्यावर आणि थंडीत झटके येतात; आणि लहान मुलाचा एक हात-एक पाय अचानक लुळा पडला तर तो मेंदूतला रक्तपुरवठा तुटल्याने असू शकतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असा संकल्प आहे. तपासणीचं कार्ड हातात पडतं, हे बरंच. पण त्यापुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध दर महिन्याला पाड्यावर पोचणं हे खरं काम.

आता कान. पलंगावर कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली आणि घर गरकन फिरलं. अर्ध्या-एक मिनिटात थांबलं. पुन्हा तसंच केलं, पुन्हा फिरलं. चकरेच्या सगळ्या कारणांत हे अगदी नेहमीचं आणि सगळ्यात सहज बरं होणारं. आतल्या कानात चुन्याचे सूक्ष्म कण असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळतात आणि गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा भलतीकडे जावा तशी मेंदूला खोटी बातमी मिळते. रॉबर्ट बारानी यांना कानाच्या तोल राखण्याच्या कामावर १९१४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. या आजाराचं वर्णन त्यांनी १९२१ मध्ये केलं आणि साधा इलाज मात्र अमेरिकेच्या जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये छापून आणला: डोकं ठराविक कोनांत वळवत, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबत, कण पुन्हा मूळ जागी घसरवायचे. पाच मिनिटं, औषध नाही, बहुतेकांना एक-दोन खेपांत गुण.

आपल्याकडे या माणसाचं काय होतं? मानेचा एक्स-रे निघतो. चाळिशीनंतर कुणाच्याही एक्स-रेत मणके थोडे झिजलेले दिसतातच. 'मानेत गॅप आहे' असं सांगून पट्टा बांधला जातो, उशी काढून घेतली जाते आणि पुढची अनेक वर्षं तो 'स्पॉन्डिलायटिसवाला' होतो. मानेच्या झिजलेल्या मणक्यांनी घर फिरत नाही. ते मज्जारज्जू दाबतात तेव्हा मात्र खरोखर दुर्बलता येते: बोटं बटणाशी झगडतात, पाय ताठ होतात, लघवी आवरत नाही. म्हणजे ज्याला पट्ट्याची गरज नाही त्याला पट्टा, आणि ज्याला तातडीने एमआरआय आणि शस्त्रक्रिया हवी तो 'अशक्तपणा' म्हणून घरी.

काही न करता अचानक सुरू झालेली, तासन् तास न थांबणारी चक्कर या सगळ्यांहून वेगळी. ती कानाच्या नसेला सूज आल्याने असू शकते किंवा मेंदूच्या मागच्या भागातल्या लकव्याची. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं, ही लकव्याची ओळख आता बऱ्यापैकी पसरली आहे. लहान मेंदूच्या लकव्यात यातलं काहीच नसू शकतं. चक्कर, उलटी आणि आधाराशिवाय बसताही न येणं, एवढंच. दोन-दोन वस्तू दिसणं, गिळताना ठसका, नवीनच जोरदार डोकेदुखी यांतलं काही सोबत असेल तर संशय पक्का धरावा. इथे साधा सीटी स्कॅन पहिल्या दिवशी बहुधा नॉर्मलच येतो आणि सगळे निर्धास्त होतात. २००९ साली कट्टाह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोळ्यांच्या तीन हालचाली पलंगाशेजारी नीट तपासल्या तर सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही जास्त कळतं. पण त्यासाठी डॉक्टरचा हात बसलेला हवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बोराडीहून शिरपूर, शिरपूरहून महामार्गाने धुळे, असा हिशेब मांडला तर प्रवासाला वेळ पुरतो. तो खर्च होतो गावातल्या दवाखान्यात 'थोडं बघू' म्हणण्यात. आणि लकव्यासारखं काही होऊन दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तर देव पावला म्हणून घरी बसू नये. मोठ्या झटक्याचा सगळ्यात जास्त धोका त्यापुढच्या ४८ तासांत असतो.

लकव्याचं सोंग घेणारी एक गोष्ट घरीही तपासता येते: उतरलेली साखर. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड सकाळी नेमाने घेतली आणि एकादशी, नवरात्र किंवा रमजानचा उपास धरला, की दुपारी घाम, थरथर, चक्कर, कधी चक्क अर्धं अंग लुळं. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. या गोळ्यांचा अंमल लांब टिकतो, त्यामुळे एकदा बरं वाटलं म्हणजे संपलं असं नाही. उपासाच्याच दिवशी चक्कर-थरथर-उलट्या घरातल्या सगळ्यांना एकदम झाल्या तर भगरीकडे बघावं. दमट साठवणीत तिच्यावर बुरशी धरते, तिची विषं पिठात उतरतात. राज्याचं अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी भगरीचं सुटं पीठ घेऊ नका असं सांगतं ते यामुळे.

बाकीच्या कारणांची ओळख थोडक्यात. डेंग्यूमध्ये ताप उतरला त्याच दिवशी हातपाय गार आणि चक्कर, तर ते बरं होणं नव्हे, रक्तातलं पाणी बाहेर झिरपण्याची सुरुवात असू शकते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, तर डंखाची खूण दिसो न दिसो, मण्यार चावल्याचं धरून निघावं. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही. जुलाबानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी पायांपासून वर चढत जाणारा लुळेपणा म्हणजे गियाँ-बारे. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात, मुख्यतः सिंहगड रस्ता परिसरात, त्याचे दोनशेवर रोगी सापडले तेव्हा हे नाव घरोघर गेलं. संशय होता दूषित पाण्यातल्या कॅम्पिलोबॅक्टरवर. पंधरा वर्षांखालच्या मुलाला असा लुळेपणा आला तर आरोग्य केंद्राला कळवून शौचाचे दोन नमुने, चोवीस तासांच्या अंतराने, द्यायचे असतात. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला त्यात या पहाऱ्याचाही वाटा आहे, आणि पहारा अजून उठलेला नाही.

मनाचं कारण शेवटी सांगितलं म्हणजे ते खोटं असं नाही. भीतीने श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात, गरगरतं. पेशंट नाटक करत नसतो. पण हे निदान बाकीचं तपासल्यावर करायचं. तरुण सून असेल तर ते आधीच करून ठेवलेलं असतं.

राहिली ती 'चकरेची गोळी'. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारखी औषधं उलटी-गरगर दोन-चार दिवस दाबायला चांगली. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवायही मिळतात आणि घराघरांत वर्षानुवर्षं चालू असतात. ती मेंदूतलं डोपामिन अडवतात. साठीच्या आजीला काही महिने रोज मिळाली की तिची चाल संथ होते, हात कापतात, पाय घासत पडतात, चेहरा मख्ख होतो. घरचे डॉक्टरांना सांगतात, चक्कर थांबली पण आता हातपायच चालत नाहीत. मग कंपवाताची गोळी सुरू होते, तिने बीपी उतरतं, उभं राहिल्यावर पुन्हा चक्कर येते आणि चकरेची गोळी दोन वेळा होते. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करून एकेकीचं नाव वाचणारा डॉक्टर भेटला तर ही साखळी तुटते. ते औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत, कधी सहा महिन्यांनी, आजी पुन्हा नीट चालू लागते. थोड्या जणांत खरा कंपवात आधीपासून दबलेला असतो, तो मात्र राहतो.